समुद्रावरील वाटा आणि मासेमारीचे पंचांग

जमिनीवरून गेलेल्या गाडीची चाकोरी निदान पहिला पाऊस पडेपर्यंत टिकते. जहाजामागचा फेसाचा पट्टा मात्र घटकाभरात विरून जातो. त्यामुळे कोणत्या महिन्यात कोण, कोठे आणि किती दिवस मासे मारीत होते, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाला फार अवघड जातो. शेतीचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाताशी पाहणी खर्डे, जमाबंदीचे कागद, दुष्काळाचे अहवाल असे बरेच काही असते. समुद्राची अशी पाहणी कोणत्याही कमाविसदाराने केली नाही. नाखव्याला आणि तांडेलाला आपापले पाणी पुरते ठाऊक असे. परंतु ते ज्ञान बापाकडून मुलाकडे तोंडीच जाई, आणि शेजारच्या गावाला त्याचा सुगावा लागू नये याचीही दक्षता घेतली जाई.

अलीकडे उपग्रहांच्या साहाय्याने जगभरच्या मासेमारी जहाजांच्या वाटा टिपल्या जातात आणि त्यांवरून महिन्यागणिक मासेमारी कोठे चालते याचे नकाशे तयार होतात. त्यांविषयी वृत्तपत्रांतून जे छापून येते ते वाचून असा समज होतो की, समुद्रात काय चालले आहे हे माणसाला आता प्रथमच दिसू लागले. हा समज बराचसा अपुरा आहे. अशा नकाशांना पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासातून एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते: जहाजांच्या वाटांवरून काढलेला नकाशा आधी माणसाचे पंचांग दाखवतो, मासळीचे त्यानंतर. ही गोष्ट विसरली गेली तर नुकसान कोणाचे होते, हा या लेखाचा विषय होय. आपल्या वाचकांपैकी इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील अनेकांना समुद्र दिसतो तो कोकणातील किंवा गोव्यातील कुलदैवताच्या दर्शनाला जातानाच; तरीही हा विषय आपल्या अगदीच परका नाही, हे शेवटी ध्यानात यावे.

अमेरिकेच्या नौदलातील मॅथ्यू फाँटेन मॉरी या अधिकाऱ्याला १८३९ मध्ये घोडागाडीच्या अपघातात पायाला जबर दुखापत झाली आणि त्यांचे समुद्रावरील जीवन जवळजवळ संपले. १८४२ मध्ये त्यांची नेमणूक वॉशिंग्टन येथील नकाशे आणि उपकरणे यांच्या भांडारावर झाली. जायबंदी अधिकाऱ्याला द्यावयाची ती एक बैठी नोकरी होती. त्या भांडारात जुन्या जहाजांच्या रोजनिश्या अडगळीसारख्या पडून होत्या. प्रवास संपला की कप्तानाने रोजनिशी जमा करावयाची आणि ती पुन्हा कोणी उघडावयाची नाही, असा रिवाज होता. मॉरी यांनी त्या उघडल्या. रोज दुपारी जहाज कोणत्या अक्षांश-रेखांशावर होते, वारा कोणत्या दिशेचा होता, प्रवाह कसा होता, हे त्यांत नोंदलेले होते. शेकडो प्रवासांच्या नोंदी एकत्र मांडल्या तर कोणत्या महिन्यात कोणत्या वाटेने जावे हे सांगता येईल, असे त्यांना दिसून आले. नव्या नोंदी मिळवण्यासाठी त्यांनी कप्तानांशी सरळ सौदा केला: तुमच्या प्रवासाचा गोषवारा द्या आणि आमचे नकाशे फुकट घ्या.

या मालिकेतील एक नकाशा देवमाशांचा होता. (देवमासा हा मासा नव्हे, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण त्या काळच्या व्यवहारात त्याची शिकार मासेमारीतच मोडे.) १८५१ च्या सुमारास सिद्ध झालेल्या या नकाशात मॉरी यांनी समुद्राचे पाच अंश अक्षांश आणि पाच अंश रेखांशाचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात बारा महिन्यांचे बारा रकाने केले. आणि प्रत्येक महिन्यात तीन गोष्टी मांडल्या: त्या पाण्यात शिकारी जहाजांनी एकूण किती दिवस काढले, त्यांपैकी किती दिवस स्पर्म जातीचे देवमासे दिसले आणि किती दिवस राइट जातीचे. साहित्यप्रेमी वाचकांना हे ठाऊक असेल की, हर्मन मेलव्हिल यांच्या १८५१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मोबी डिक’ या कादंबरीत नकाशांवर वाकलेल्या कप्तान एहॅबचे एक प्रकरण आहे, आणि त्याच्या तळटिपेत मॉरी यांच्या याच उपक्रमाचा निर्देश आहे. मेलव्हिल स्वतः देवमाशांच्या शिकारी जहाजावर खलाशी होते. ऋतूंवरून देवमाशाचा माग काढता येतो हे वाचकाला पटावे म्हणून त्यांनी सरकारी परिपत्रकाची साक्ष काढली.

मॉरी यांच्या तीन ओळींपैकी सर्वांत मोलाची ओळ पहिली होय, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. देवमासे किती दिवस दिसले हे कोणीही लिहील. शोधण्यात किती दिवस गेले हे लिहिणे सुचण्यास निराळी बुद्धी लागते. एखाद्या चौकोनात वीस दिवस देवमासे दिसले, एवढेच सांगितले तर त्याला अर्थ नाही. पंचवीस दिवसांच्या शोधात वीस दिवस दिसले की पाचशे दिवसांच्या शोधात, यावर सारे अवलंबून आहे. आणि जेथे एकही जहाज गेलेले नाही तेथील रिकामा रकाना आणि जेथे शंभर दिवस शोधूनही काही दिसले नाही तेथील रिकामा रकाना, या दोन रिकामेपणांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मॉरी यांच्या नकाशावर ते अंतर डोळ्यांना दिसते.

१८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि जहाजावरील नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात असे ठरले. त्या दहांत पोर्तुगालही होता. मॉरी यांची पुढील कारकीर्द अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने गेली. तिच्याशी येथे आपल्याला कर्तव्य नाही.

यानंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, देवमाशांच्या शिडांच्या जहाजांचे युग संपल्यावर, चार्ल्स हॅस्किन्स टाउनसेंड यांनी तेच काम निराळ्या रीतीने केले. ते न्यू यॉर्क येथील मत्स्यालयाचे संचालक होते. न्यू बेडफर्ड आणि आसपासच्या बंदरांतील ग्रंथालयांत व घराण्यांत पडून असलेल्या रोजनिश्या त्यांनी वाचवल्या. ७४४ जहाजांचे १,६६५ प्रवास, १७६१ पासून १९२० पर्यंतचा काळ आणि मारलेल्या ५३,८७७ देवमाशांच्या जागा, असा हा प्रचंड खटाटोप होता. १९३५ मध्ये त्याचे चार मोठे नकाशे प्रसिद्ध झाले. मारलेल्या प्राण्यामागे जहाजाच्या त्या दिवसाच्या स्थानावर एक ठिपका, आणि महिन्यागणिक ठिपक्याचा रंग वेगळा. हे नकाशे पाहताना मन हरखून जाते. रंगांवरून ऋतू सरकताना दिसतात. एकाच समुद्राच्या एका कडेला एका रंगाचे ठिपके दाटलेले तर दुसऱ्या कडेला दुसऱ्या. पुढील कित्येक दशके देवमाशांच्या अभ्यासकांनी या नकाशांवर भिस्त ठेवली.

परंतु टाउनसेंड यांच्या नकाशात मॉरी यांची पहिली ओळ नाही. जहाज नुसतेच हिंडले, काही मिळाले नाही, असे दिवस ठिपक्यांच्या नकाशात येऊच शकत नाहीत. त्यामुळे कोरा भाग दिसला की तेथे देवमासा नव्हता, की कप्तान त्या महिन्यात तिकडे जातच नसत, हे ओळखता येत नाही. कप्तान कोठे जात याला तर नाना कारणे होती: वारा कोणता, तेलाची पिंपे उतरवायला बंदर कोणते सोयीचे, गोडे पाणी व भाजी कोठे मिळते, खलाशी पळून जाण्याचा धोका कोठे कमी. २०१२ मध्ये टिम स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॉरी आणि टाउनसेंड यांचे मूळ तक्ते व इतर रोजनिश्या एकत्र करून हा सर्व विषय नव्याने तपासला, तेव्हा त्यांना शोधाचे दिवस आणि सापडल्याचे दिवस पुन्हा शेजारी शेजारी ठेवावे लागले. म्हणजे मॉरी यांच्या रकान्यांकडे परत यावे लागले.

आता एक कटू प्रकरण. दुसऱ्या महायुद्धानंतर देवमाशांच्या शिकारीवर आंतरराष्ट्रीय मर्यादा आल्या आणि प्रत्येक देशाने आपल्या शिकारीचे आकडे कळवावेत असे ठरले. सोव्हिएत ताफ्यांनी ते दरवर्षी कळवलेही. मात्र ते खोटे होते. १९९० नंतरच्या दशकात अलेक्सेई याब्लोकोव्ह आणि त्या ताफ्यांवर काम केलेल्या इतर शास्त्रज्ञांनी दडवून ठेवलेल्या खऱ्या नोंदी उजेडात आणल्या. न कळवता मारलेल्या देवमाशांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार असावी, असा हिशेब त्यांतून निघाला. याचा एक धागा थेट आपल्या समुद्राशी येऊन भिडतो. यूरी मिखालेव्ह यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींनुसार १९६५ आणि १९६६ या दोन वर्षांत सोव्हिएत ताफ्यांनी अरबी समुद्रात, ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपलीकडे, २४२ हंपबॅक देवमासे मारले. त्यांतील चार वगळता बाकी सर्व एकट्या नोव्हेंबर १९६६ मध्ये. हे देवमासे इतर हंपबॅकांप्रमाणे ध्रुवाकडे ये-जा करीत नाहीत, बारमाही अरबी समुद्रातच राहतात, ही गोष्टही त्याच नोंदींवरून पक्की झाली. ओमानजवळ पुढे झालेल्या मोजणीत त्यांची संख्या शंभराच्या आत भरली. जो पुरावा तीस वर्षे दडपला गेला, त्यातूनच त्या प्राण्याची खरी ओळख पटावी, हा इतिहासाचा एक विचित्र न्याय म्हणावा लागेल. आपल्या विषयापुरते लक्षात ठेवावयाचे ते एवढेच की, रोजनिशी लिहिणारा माणूस असतो, आणि माणसाला लपवण्यासारखे काही असले की रोजनिशीही लपवते.

रोजनिशीची ही उणीव यंत्राने दूर होईल, अशी आशा पुढे निर्माण झाली. ज्या यंत्राने ती निर्माण केली ते मासेमारीसाठी बनलेलेच नव्हते. धुक्यात किंवा रात्री दोन जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून प्रत्येक मोठ्या जहाजाने आपले नाव, स्थान, दिशा आणि वेग रेडिओवरून सतत घोषित करीत राहावे, अशी एक व्यवस्था आहे. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून एआयएस म्हणतात. ३०० टनांहून मोठ्या आणि आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या जहाजांना ती २००४ अखेरपर्यंत सक्तीची झाली. युरोपीय संघाने पुढे १५ मीटरहून लांब मासेमारी नौकांनाही ती बंधनकारक केली. चालत्या जहाजाचे यंत्र दर काही सेकंदांनी बोलत असते. हे रेडिओ संदेश क्षितिजापलीकडे फार दूर जात नाहीत. पण ते वर जातात, आणि वरून फिरणाऱ्या उपग्रहांनी ते टिपावयास सुरुवात केली तेव्हा भर समुद्रातील जहाजेही दिसू लागली.

हे संदेश गोळा करून त्यांतून मासेमारी ओळखण्याचे काम ‘ग्लोबल फिशिंग वॉच’ या संस्थेने हाती घेतले. ओळखण्याची युक्ती तशी साधी आहे. मुरलेला तांडेल दूरवरच्या नौकेकडे पाहून जे ताडतो तेच येथे गणकयंत्र ताडते. मालवाहू जहाज सरळ रेषेत एका वेगाने जाते. ट्रॉलर जाळे ओढू लागला की त्याचा वेग ताशी तीन-चार सागरी मैलांवर येतो आणि तो एकाच पट्ट्यात पुढे-मागे करीत राहतो. पर्ससीनवाला थव्याभोवती एक घट्ट वर्तुळ घालतो. कित्येक मैल लांबीची गळांची दोरी सोडणारी नौका एक दिवस एका दिशेने जाते आणि नंतर तीच वाट धरून दोरी ओढत परत येते. अशा हजारो वाटा माणसांनी आधी वाचून दाखवल्या आणि मग यंत्राला वाचावयास लावल्या.

फेब्रुवारी २०१८ मध्ये डेव्हिड क्रूड्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात या कामाचे फलित मांडले. २०१२ ते २०१६ या काळातील २२ अब्ज संदेश आणि ७० हजारांहून अधिक नौका त्यांनी तपासल्या. जगातील समुद्राच्या ५५ टक्क्यांहून अधिक पृष्ठभागावर औद्योगिक मासेमारी चालते, असे त्यांना आढळले. एकट्या २०१६ मध्ये या नौकांनी ४ कोटी तास मासेमारी केली आणि ४६ कोटी किलोमीटरांहून अधिक अंतर कापले. म्हणजे चंद्रापर्यंत जाऊन परत येणे सहाशे वेळा.

या आकड्यांचा बोलबाला पुष्कळ झाला. प्रस्तुत लेखकाला त्या निबंधातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. वर्षातील प्रत्येक दिवसाची मासेमारी आलेखावर मांडली तेव्हा त्यात दोन खोल खड्डे दिसले. पहिला चीनच्या चांद्र नववर्षाचा: त्या सणाला नौका बंदरात परततात, खलाशी घरी जातात. दुसरा उन्हाळ्यातील, चीन सरकारच्या मासेमारी बंदीचा. ही बंदी १९९५ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाली आणि २०१७ पासून तिचा काळ आणखी वाढवण्यात आला. चीन वगळता उरलेल्या जगाचा आलेख काढला तर त्यात शनिवार-रविवारचे बारीक दाते आणि नाताळचा उतार दिसतो. निसर्गाचा परिणाम अगदीच नाही असे नव्हे. मासळीमागे काही ताफे उत्तर-दक्षिण सरकतात. परंतु सण, सुट्टी आणि सरकारी हुकूम यांच्या मानाने तो परिणाम फिका आहे. शेतकऱ्याला पेरणीचा ऋतू टाळता येत नाही. पोलादी नौका, बर्फ आणि डिझेल यांच्या बळावर मासेमारीने मात्र ऋतू बराचसा मागे टाकला, आणि तिच्या पंचांगात तिथीवार माणसाचेच उरले.

तेव्हा नकाशावरील ऋतू हा माणसाच्या वागणुकीचा ऋतू आहे. मॉरी यांच्या भाषेत सांगावयाचे तर हा नकाशा म्हणजे त्यांची पहिली ओळ, शोधाचे दिवस. जाळ्यात काय आले हे त्यात मुळीच नाही. टाउनसेंड यांच्या नकाशाची ही नेमकी उलट बाजू झाली.

आणि यंत्र बंद करता येते. त्याचे सर्वांत दुःखद उदाहरण जपानच्या समुद्रातील आहे. उत्तर कोरियाच्या पाण्यात दरवर्षी ठराविक हंगामात एका जातीचे माकूल येते. सुरक्षा परिषदेच्या २०१७ मधील ठरावांनी तेथे परदेशी नौकांना मासेमारीचे हक्क विकण्यास मनाई केली. एआयएसच्या नकाशावर हे पाणी जवळजवळ रिकामे दिसे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र रडारची उपग्रह-चित्रे, रात्रीच्या दिव्यांची चित्रे आणि साधी छायाचित्रे एकमेकांवर ठेवून पाहण्यात आली, तेव्हा २०१७ मध्ये नऊशेहून अधिक आणि २०१८ मध्ये सातशेच्या घरात चिनी मूळ असलेल्या नौका त्या ‘रिकाम्या’ पाण्यात मासे मारीत असल्याचे आढळले. दोन वर्षांत त्यांनी मिळून १ लाख ६० हजार टनांहून अधिक माकूल उपसले असावे, असा अंदाज निघाला. या मोठ्या नौकांपुढे उत्तर कोरियाच्या लाकडी होड्यांना आपल्याच पाण्यात जागा उरली नाही. २०१८ मध्ये त्यांतील सुमारे तीन हजार होड्या दूरच्या रशियन पाण्यात मासे मारीत होत्या. इतक्या लांबच्या सफरीसाठी त्या बांधलेल्याच नव्हत्या. जपानच्या किनाऱ्यावर कित्येक वर्षे शेकडो तुटक्या होड्या वाहून येत होत्या, काहींत प्रेते असत. हे का घडते याचे उलगडा करणारे बरेचसे उत्तर त्या कोऱ्या पाण्यात होते.

जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याच पद्धतीचा जगभरचा हिशेब आला. २०१७ ते २०२१ या काळातील उपग्रह-चित्रे तपासल्यावर असे दिसले की, जगातील औद्योगिक मासेमारी नौकांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश नौका सार्वजनिक नकाशांवर येतच नाहीत. अशा न दिसणाऱ्या नौका ज्या भागांत दाटलेल्या आहेत, त्यांत आफ्रिकेभोवतीचे समुद्र आणि दक्षिण आशिया हे प्रमुख होत. न दिसणारी प्रत्येक नौका चोरच असते असे मात्र समजू नये. बहुसंख्य नौकांना यंत्र बसवण्याची सक्तीच नाही. युरोपचा नकाशा भरलेला आणि आपला विरळ दिसतो तो मुख्यतः यामुळे.

हे सर्व मनाशी धरून आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे वळू. येथे मासेमारीचे पंचांग यंत्राच्या आधीपासून आहे, आणि ते फार स्पष्ट आहे. मृगाच्या पावसाआधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारावयाच्या, आणि श्रावणी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करून पुन्हा पाण्यात लोटावयाच्या. गोव्यात २९ जूनला सेंट पीटरच्या सणाला मच्छीमार होड्या एकत्र बांधून त्यांवर ‘सांगोड’ सजवतात. ऐन पावसात होड्या मोकळ्या असतात म्हणूनच हे शक्य होते. घरातील फडताळही याची साक्ष देते. मे महिन्यात मडगावला पुरुमेंताचे फेस्त भरते, तेथून सुके बांगडे, सुकट, मिरच्या, कोकम घरोघर जाते. ‘पुरुमेंत’ हा शब्द बेगमी या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आला. मासे मिळणार नाहीत असे दोन-तीन महिने कोणते, हे त्या बेगमीवरून कोणत्याही उपग्रहाइतकेच नेमके कळते.

कायद्याचे पंचांग यावर नंतर बसले. ट्रॉलर आणि रापणकार यांच्यातील १९७० नंतरच्या दशकातील तीव्र संघर्षानंतर गोव्याने १९८० मध्ये सागरी मासेमारी नियमन कायदा केला. किनाऱ्यालगतच्या ५ किलोमीटरांत यांत्रिक नौकांना मज्जाव झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. पावसाळी बंदीचा काळ राज्याराज्यांत बदलता होता. २०१५ पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यासाठी १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस ठरवले. नारळी पौर्णिमा मात्र चंद्रावर चालते. २०२० मध्ये ती ३ ऑगस्टला आली, म्हणजे बंदी उठताच; २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती ३० ऑगस्टपर्यंत लांबली. त्या वर्षी ट्रॉलर महिनाभर आधीच समुद्रात होते, आणि परंपरा पाळणारे कोळी पौर्णिमेची वाट पाहत किनाऱ्यावर. उपग्रहाच्या आलेखात ३१ जुलैचा कडा ठसठशीत उमटेल. पौर्णिमेचा उमटणार नाही, कारण ती पाळणाऱ्यांच्या होड्या फार लहान आहेत.

आपल्याकडे नौकांवर यंत्र बसवण्याचा विचार मासळीसाठी सुरू झाला नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेकी मुंबईत आले ते पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी नौका बळकावून, तिच्यावरील खलाशांचे प्राण घेऊन. त्यानंतर २० मीटरहून लांब नौकांना एआयएस बंधनकारक झाली, आणि लहान नौकांचे काय करावे याची चर्चा सुरू झाली. किनाऱ्यावरील सत्तेने गलबताला ‘कोठून आलास, कोठे चाललास’ असे विचारणे आपल्या समुद्राला नवे नाही. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांचा कार्ताझ नसलेले गलबत जप्त होई. पुढे कान्होजी आंग्रे यांनीही दस्तकाची तशीच सक्ती केली. विचारणारा बदलला, तरी उत्तर देणारा बहुधा तोच राहिला.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे पंतप्रधानांच्या हस्ते १३ किनारी राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतील यांत्रिक आणि मोटार बसवलेल्या नौकांवर टप्प्याटप्प्याने १ लाख ट्रान्सपाँडर बसवण्याच्या योजनेचा आरंभ झाला. वादळाची सूचना मिळावी, संकटात हाक मारता यावी, हा तिचा उद्देश, आणि तो निःसंशय चांगला आहे. वादळात भरकटलेल्या नौकांच्या घरच्यांनी किनाऱ्यावर काढलेल्या रात्री ज्यांनी पाहिल्या आहेत, ते याला नावे ठेवणार नाहीत. त्याच समारंभात वाढवण बंदराची पायाभरणीही झाली, ज्याला तेथील मच्छीमार दीर्घकाळ विरोध करीत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, बंदरासाठी घेतले जाणारे पाणी हेच त्यांचे मासेमारीचे पाणी आहे. या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. पण अशा प्रत्येक वादात एक प्रश्न अटळपणे येतो: या पाण्यात कोण, किती दिवस, कोणत्या महिन्यांत मासे मारीत होते? जमिनीच्या भूसंपादनात सातबारा पुढे करता येतो. पाण्याला सातबारा नाही. उद्या त्याच्या जागी नौकांच्या वाटांचे नकाशे मांडले गेले, तर ज्याच्याकडे यंत्र आहे त्याचा वहिवाटीचा पुरावा सेकंदासेकंदाचा असेल, आणि वल्ह्याने किंवा छोट्या मोटारीने जाणाऱ्याच्या नावापुढे रिकामा रकाना असेल. तो रकाना कोणत्या प्रकारचा रिकामा आहे, हे विचारणारा मॉरी तेथे असावा लागेल.

पावसाळी बंदी बिगरयांत्रिक पारंपरिक होड्यांना लागू नाही. जून उजाडतो, ट्रॉलर जेटीला बांधले जातात आणि किनाऱ्यालगतचा नकाशा वर्षातील सर्वांत कोरा होतो. त्याच दिवसांत पाऊस जरा उघडला की मांडवी-जुवारीच्या मुखाशी आणि कोकणातील खाड्यांमधून लहान होड्या निघतात. त्यांनी आणलेले शेवटे, काळुंदर आणि कुर्ल्या बाजारात येतात, चढ्या भावाने जातात आणि दुपारच्या आत संपतात.